फुकेटला पहिल्यांदा निघालाय? उतरण्याआधी झेंडा बघा, बसण्याआधी भाव विचारा

कोल्हापूरकराला समुद्र आठवला की गाडी आपोआप गगनबावड्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटाला लागते. मालवण, वेंगुर्ला, फार तर गोवा. पण आता तालमीचे ग्रुप, व्यापारी मंडळी, नवी जोडपी सगळे थायलंडच्या फुकेट बेटावर जायला लागलेत. गोव्याच्या सवयी घेऊन तिथं उतरलेला माणूस दोन ठिकाणी हमखास फसतो. एक पाण्यात, दुसरं बारच्या बिलात. दोन्ही टाळता येतं, पण त्याची तयारी तिकीट काढायच्या आधीपासून करावी लागते.

कधी जायचं

फुकेटचे पोहण्याचे सगळे चांगले किनारे बेटाच्या पश्चिमेला, अंदमान समुद्राकडे तोंड करून आहेत. आपल्याकडे जो नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आणतो, तोच तिथंही थेट याच किनाऱ्यांवर आदळतो. त्यामुळे मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला आणि नोव्हेंबर ते एप्रिल शांत, हे गणित पक्कं ठेवा.

आपली अडचण अशी की सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत. मे महिन्याचं पॅकेज स्वस्त मिळतं ते उगाच नाही. पोरांना समुद्रात खेळवायचं म्हणून जाल आणि सहा दिवसांतले चार दिवस किनाऱ्यावर लाल झेंडा बघत बसाल. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर असेल तर चांगलं, ऑक्टोबरात असेल तर नशिबावर. शाळेची पोरं बरोबर नसतील तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीच्या मध्यापासून मार्च हा सगळ्यात पैसेवसूल काळ. २० डिसेंबर ते १० जानेवारी हॉटेलचे दर दुप्पट होतात, तेव्हा जाऊ नका असंच आम्ही सांगू.

पावसाळ्यातच जायचं असेल तर बेत बदला. रात्रीचे बाजार, बार, शो चालूच असतात. पूर्वेकडचा फांग न्गा उपसागर आडोशाला असल्यामुळे तिथली बोटफेरी बहुतेक दिवस निभावते. पण उघड्या समुद्रातली लांबची बोट हवामानाचा इशारा असताना घेऊ नका, एजंट कितीही आग्रह करो. ५ जुलै २०१८ ला इशारा असतानाही फुकेटजवळ एक पर्यटक बोट वादळात बुडाली आणि ४७ जण गेले.

कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. नवा काढायचा असेल तर कोल्हापुरातच पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला पळायची गरज नाही. भारतीयांना जुलै २०२४ पासून पर्यटनासाठी व्हिसामाफी लागू झाली. हे नियम सरकार बदललं की बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

१ मे २०२५ पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड भरणं सक्तीचं आहे. ते उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, थाई इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर भरायचं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा. भरल्यावर येणारा क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा आणि एक प्रिंटही काढा.

घरातल्या ज्येष्ठांचा पासपोर्ट तपासा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर अनेकदा ईसीआरची, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते अशी, नोंद असते आणि थायलंड त्या देशांच्या यादीत आहे. फिरायला जाणाऱ्याला परवानगी लागत नाही, पण मुंबईच्या काउंटरवर हमखास विचारतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर हातात द्या, म्हणजे आबांना उगाच घाम फुटणार नाही.

फुकेटच्या इमिग्रेशनला कधीकधी पैसे दाखवायला सांगतात. माणशी २०,००० बाट किंवा तेवढ्या किमतीचे डॉलर जवळ असले की वादच नको. ग्रुपमध्ये सगळी रोकड एकाच खजिनदाराच्या खिशात ठेवायची आपली पद्धत इथं अंगाशी येते. रांगेत प्रत्येकजण एकटा उभा असतो.

कोल्हापूर ते फुकेट

मुंबईहून थेट विमान साधारण पाच तासांत पोचवतं. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. खरी गफलत मुंबई गाठण्यात होते. कोल्हापूर–मुंबई विमान आणि मुंबई–फुकेट विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर पहिलं रद्द झालं म्हणून दुसरी कंपनी एक रुपया परत देत नाही. बॅगाही मुंबईत उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. त्यापेक्षा महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघा, सकाळी दादरला उतरा आणि संध्याकाळचं किंवा रात्रीचं विमान पकडा. रस्त्याने जाणार असाल तर साधारण ३८० किलोमीटर. महामार्गावरची कामं आणि खंडाळ्याचा घाट धरून नेहमीच्या वेळेत तीन तास मिळवा. विमानाच्या तीन तास आधी टर्मिनलवर पोचायचं, ते वेगळं.

पॅकेज घेताना एजंटकडून चार गोष्टी लिहून घ्या. हॉटेलचं नाव, ‘किंवा तत्सम’ हे शब्द खोडून. गाडी तुमची एकट्याची की दहा हॉटेलं फिरत माणसं गोळा करणारी. फी फी नावाच्या बेटांवर नेणारी बोट स्पीडबोट की मोठी फेरीबोट. आणि राष्ट्रीय उद्यानाची फी आत की बाहेर. फी फीच्या उद्यानाची परदेशी प्रौढाची फी ४०० बाट आहे. आठ माणसांचे ३,२०० बाट ऐनवेळी धक्क्यावर मागितले की तिथंच भांडणाला सुरुवात होते.

मुक्काम कुठं

सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते. ‘सी व्ह्यू, निम्म्या दरात’ अशी खोली दिसली की आधी नकाशा उघडा. ती पूर्व किनाऱ्यावर असेल तर समोर समुद्र आहे पण पोहायला किनारा नाही. तिकडं चिखल, खारफुटी आणि बोटींचे धक्के. पश्चिमेकडं यायचं म्हटलं की रोज टॅक्सी.

पातोंग हा बेटाच्या मध्यावरचा साधारण तीन किलोमीटरचा किनारा. बार, क्लब, मसाज, मॉल, भारतीय हॉटेलं सगळं चालत्या अंतरावर. तालमीचा आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर सरळ पातोंगला राहा. रात्री दोन वाजता टॅक्सी शोधायची वेळ येत नाही, यातच हॉटेलचा फरक भरून निघतो. मात्र खोली थेट बारच्या गर्दीतल्या बांगला रोडवर घेऊ नका, पहाटेपर्यंत भिंती हलतात. पाच-सात मिनिटं चालत जावं लागेल अशी गल्ली बघा.

जोडप्यांनी किंवा पोरंबाळं असलेल्यांनी दक्षिणेकडं करोन किंवा काताला राहावं. करोन लांब आणि मोकळा, वाळू पायाखाली कुरकुरते. काता आटोपशीर, दुकानं-खाणावळी जवळ आणि हंगामात पाणी शांत. तिथून पातोंग वीस-तीस मिनिटांवर आहे, एखादी रात्र जाऊन येता येतं. उत्तरेला कमला, सुरिन आणि बांग ताओ आहेत. बांग ताओ आणि कमलाकडं बीच क्लब, म्हणजे पोहण्याचा तलाव, डीजे आणि समुद्र एकाच ठिकाणी. पैसेवाली गर्दी, भावही तसेच. अगदी दक्षिणेचा नाई हार्न पोहायला सुंदर, पण स्वतःचं वाहन नसेल तर अडकून पडाल. विमानतळाशेजारच्या माई खाओवर डोक्यावरून विमानं उतरताना दिसतात. ते बघायला जा, राहायला नको.

सहा रात्री असतील तर चार एका ठिकाणी, दोन दुसऱ्या ठिकाणी असं करा. रोज हॉटेल बदलणारं पॅकेज घेतलं की निम्मी सुट्टी बॅगा भरण्यात जाते.

पैसे आणि फोन

एक बाट म्हणजे पावणेतीन रुपयांच्या आसपास. मनातल्या हिशेबाला तीनने गुणा, खिसा कधी दगा देणार नाही. रुपयांच्या नोटा तिथं नेऊन बदलू नका, दर वाईट मिळतो. कोल्हापुरातल्या अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून थोडे बाट आणि बाकी १०० डॉलरच्या कोऱ्या नोटा घ्या. लहान डॉलर नोटांना कमी दर मिळतो आणि फाटकी किंवा शाई लागलेली नोट परत करतात. विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला, बाकी पातोंगमधल्या एक्सचेंजच्या टपऱ्यांवर. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क लागतं, म्हणून काढायचे तर एकदाच मोठी रक्कम. मशीनने ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं की नाही म्हणा, त्यात दर मारलेला असतो.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवरच येणार, तेव्हा ते सिम काढून पिशवीत टाकू नका. ते दुसऱ्या खाचेत ठेवा, डेटा बंद करा, मेसेज येतील एवढं रोमिंग घ्या. तिथलं पर्यटक सिम पासपोर्ट दाखवून विमानतळावरच मिळतं.

उतरल्यावर पातोंगकडं जायला साधारण तास लागतो. एकटा-दुकटा असाल तर स्मार्ट बस १०० बाटमध्ये कमला, पातोंग, करोन, काता करत रावाईपर्यंत जाते. चौघं असाल तर ॲपवरची गाडी किंवा आधी ठरवलेली टॅक्सी. वाटेत ड्रायव्हरने ‘जरा ऑफिसात थांबू’ म्हटलं तर ते टूर विकणारं दुकान असतं. खाली न उतरता हॉटेलचं नाव पुन्हा सांगायचं.

समुद्र

किनाऱ्यावर पाय ठेवला की आधी झेंडा शोधा. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या जोडीमधला पट्टा जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो, पोहायचं ते तिथंच. जांभळा झेंडा म्हणजे जेलीफिश किंवा तसलं काही पाण्यात आहे. संध्याकाळी जीवरक्षक निघून जातात. त्यानंतर समुद्र कितीही शांत दिसला तरी बाहेर या, दारू पोटात असेल तर नक्कीच.

पावसाळी महिन्यांत माणसं बुडतात ती लाटांमुळे कमी आणि आत ओढणाऱ्या प्रवाहामुळे जास्त. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात जिथं खिंड पडलेली असते तिथून ते अरुंद पट्ट्याने जोरात आत जातं. वरून बघितलं तर दोन्ही बाजूंना लाटा फुटताना, पांढरा फेस उसळताना दिसतो आणि मध्ये एक शांत, गडद, गुळगुळीत पट्टा. नवखा माणूस ‘इथं लाटा नाहीत’ म्हणून नेमका त्याच पट्ट्यात उतरतो. प्रवाह जोराचा असेल तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग असतो. त्याच्या उलट पट्टीचा पोहणारासुद्धा टिकत नाही. दमतो आणि मग बुडतो.

पंचगंगेत नाहीतर विहिरीत पोहायला शिकलेल्याला एक गोष्ट ठाऊक असते, पूर आला की धारेच्या उलट हात मारायचे नसतात, तिरपं काठाकडं सरकायचं. समुद्रातही तेच करायचं, फक्त दिशा वेगळी. इथं प्रवाह किनाऱ्यापासून दूर नेत असतो, म्हणून सरळ किनाऱ्याकडं न येता किनाऱ्याला समांतर, डावीकडं किंवा उजवीकडं पोहा. पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलात की फुटणाऱ्या लाटाच तुम्हाला काठाकडं ढकलतात. पोहवत नसेल तर पाठीवर तरंगा, एक हात वर करून हलवा. काठावरच्या मित्रांनी उडी मारून वाचवायला जाऊ नये. जीवरक्षकाला हाक मारा आणि तरंगणारं काहीही, रिकामी बंद कॅन किंवा सर्फबोर्ड, त्याच्याकडं टाका.

जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका, त्याने न फुटलेल्या विषाच्या पेशीही फुटतात. बऱ्याच किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली असते. किमान ३० सेकंद सतत ओता, मग दवाखाना. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर १६६९ ला फोन, ती तिथली रुग्णवाहिका.

किनाऱ्यावर ओढलेली सिगारेट महाग पडते. ठरलेली जागा सोडून ओढलीत तर १,००,००० बाटपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, अशी कायद्यात तरतूद आहे. तंबाखूची पिचकारी मारलीत तरी दंड आहेच. जागोजागी निळ्या रंगाच्या त्सुनामीच्या पाट्या दिसतील. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेने हे बेट झोडपलं होतं. पाणी अचानक खूप आत ओसरलेलं दिसलं तर व्हिडिओ काढत थांबू नका, पाटीच्या दिशेने उंचावर पळा.

जेट स्की हा तिथला जुना सापळा. गाडी परत दिली की तळावर आधीपासूनचा ओरखडा दाखवून हजारो बाट मागतात. घ्यायचीच असेल तर आधी चारी बाजूंनी आणि खालून व्हिडिओ काढा, मालकाचा चेहराही त्यात येऊ द्या, विमा आहे का विचारा. पासपोर्ट गहाण देऊ नका. वाद वाढला तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. नुसता फोन कानाला लावला तरी बऱ्याचदा आकडा खाली येतो.

बोटीने बाहेर

फी फीला स्पीडबोटीने साधारण तास, मोठ्या फेरीने दोन तास. स्पीडबोटीत पोरं पळत जाऊन पुढं बसतात आणि पाठीचं खोबरं करून घेतात. पुढचा भाग लाटेवर आपटतो, म्हणून मागं, इंजिनाजवळ बसा. गरोदर बाई आणि कंबरेचा त्रास असलेल्यांनी स्पीडबोट टाळावी. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, बोटीत बसून घेतलेली वाया जाते.

माया बे नावाचा तो प्रसिद्ध खाडीसारखा किनारा गर्दीने प्रवाळ मेल्यामुळे जून २०१८ मध्ये बंद केला होता, जानेवारी २०२२ मध्ये उघडला. आता तिथं पोहू देत नाहीत आणि दर वर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर तो बंद असतो. सिमिलन बेटांचा हंगाम १५ ऑक्टोबर ते १५ मे. या तारखांबाहेर कुणी ती टूर विकत असेल तर दुसऱ्याच कुठल्या तरी बेटावर नेणार, हे नक्की.

रात्र

पातोंगचा बांगला रोड किनाऱ्यापासून सुरू होणारा जेमतेम ४०० मीटरचा रस्ता. संध्याकाळी वाहनं बंद होतात आणि मग दोन्ही बाजूंचे बार रस्त्यावर येतात. आठच्या आधी जाऊ नका, रंगत दहानंतर. डिसेंबर २०२३ पासून फुकेटमध्ये परवानाधारक बार-क्लबना पहाटे ४ पर्यंत मुभा आहे. पिण्याचं किमान वय २०. दाढीमिशी नसलेल्या पोरांनी पासपोर्टची फोटोकॉपी ठेवा. दुकानातून बाटली मात्र मध्यरात्रीनंतर मिळत नाही, सेव्हन इलेव्हन उघडं असलं तरी काउंटरवर बिल होत नाही. बुद्धपौर्णिमेसारख्या धार्मिक दिवशी दुकानातली विक्री बंद असते.

पहिल्यांदा जाताय तर रस्त्याकडेच्या उघड्या बारमध्ये बसा. बाटलीबंद बिअर १०० ते १८० बाट. मेन्यू मागा, त्यावरचा भाव बोटाने दाखवा, मग मागवा. प्रत्येक फेरीची चिठ्ठी तुमच्या समोरच्या छोट्या पेल्यात गुंडाळून ठेवतात. चिठ्ठी पडली की उघडून वाचा. रात्री एकला दहा चिठ्ठ्या एकदम मोजायला गेलात तर शेजारच्या टेबलाच्या दोन त्यात हमखास निघतात आणि तेव्हा सिद्ध काहीच करता येत नाही. बारची मुलगी गप्पा मारायला बसली, तुमच्याशी कनेक्ट फोर खेळायला लागली, तर तिच्यासाठी मागवलेलं पेय ‘लेडी ड्रिंक’ म्हणून वेगळ्या, चढ्या भावाने लागतं. नको असेल तर हसून नाही म्हणा, कुणी रागवत नाही.

आणि छताला टांगलेली घंटा. देवळात शिरल्यावर हात आपोआप वर जायची सवय असलेल्या माणसासाठी ही सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. ती वाजवली म्हणजे बारमधल्या सगळ्यांना एक फेरी तुमच्याकडून. वीस माणसं बसली असतील तर वीस ग्लास. ग्रुपमधल्या उत्साही गड्याला हे आत शिरण्याआधी सांगा.

वरच्या मजल्यावर ‘फुकट शो’ म्हणून हाताला धरून नेणारे दलाल टाळा. शो फुकट, पण आतल्या एका बिअरचं बिल हजारांत आणि दारात चार धिप्पाड माणसं उभी. झगमगीत पोशाखातल्या कलाकारांबरोबर फोटो काढायचा तर आधी भाव ठरवा, माणशी की सगळ्यांचा मिळून तेही. तिघी फोटोत आल्या की तिघीही पैसे मागतात. बादलीत भरून मिळणारं स्वस्त मिश्रण घेऊ नका, आत कुठली दारू आहे कळत नाही. बिअर किंवा समोर उघडलेली बाटली बरी. ग्लास सोडून नाचायला गेलात तर परत येऊन तोच उचलू नका, नवा घ्या. जे काही कराल ते कायद्यात बसतंय का बघा. वेश्याव्यवसाय तिथंही कायद्याने बंद आहे आणि १८ वर्षांखालच्या कुणाचाही संबंध आला तर वर्षानुवर्षं तुरुंग.

बारमध्ये रस नसेल तर दोन रात्री अशा घालवा. खासबागेत कुस्त्या बघून वाढलेल्याला मुआय थाय, म्हणजे तिथली लाथाबुक्क्यांची लढत, आवडणारच. पातोंगच्या स्टेडियममध्ये तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती. लढतीआधी खेळाडू गुरूला वंदन करत रिंगणात नाच करतो, सनईसारखं वाद्य आणि ढोल चालू असतात आणि हाणामारी वाढेल तशी लय वाढत जाते. रिंगणाशेजारची महाग खुर्ची घेऊ नका, मागच्या बाकावरून सगळं दिसतं आणि जाणकार स्थानिक तिथंच ओरडत असतात. बारच्या आतल्या रिंगणात ‘फुकट फाइट’ म्हणतात ती बहुतेक लुटुपुटूची असते, शेवटी टोपी फिरवतात.

दुसरी रात्र रविवारची ठेवा. फुकेट टाऊनच्या जुन्या भागात थालांग रोडवर दर रविवारी संध्याकाळी चारपासून बाजार भरतो. कथिलाच्या खाणींच्या जमान्यातली चिनी-पोर्तुगीज वळणाची रंगीत घरं दोन्ही बाजूंना आणि मध्ये खाणं, गाणी, हातमागाचं कापड. आईवडिलांना घेऊन जायची ही जागा.

फिरणं आणि स्कूटर

फुकेटची लाल छोटी टुकटुक जवळच्या अंतरालाही २००–४०० बाट मागते. भाव बसण्याआधी ठरवा, गाडीचा की माणशी हेही. ॲपवरची गाडी बहुतेक वेळा स्वस्त. फुकेट टाऊनमधून किनाऱ्यांकडं जाणाऱ्या निळ्या बस स्वस्त आहेत, पण संध्याकाळी लवकर बंद होतात.

स्कूटर दिवसाला २५०–३०० बाटला मिळते आणि तिथंही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, म्हणून हिंमत होते. पण निघण्याआधी कोल्हापूर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यावर मोटारसायकलचा शिक्का आहे का बघा. नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करतो आणि तिथल्या खासगी दवाखान्याचं बिल लाखांत जातं. हेल्मेट घाला, गाडी घेताना व्हिडिओ काढा, पासपोर्टऐवजी रोख अनामत द्या. पातोंगच्या टेकडीचा चढउतार तीव्र वळणांचा आहे. ओल्या रस्त्यावर डबलसीट उतरताना नुसता मागचा ब्रेक दाबून धरला की गाडी आडवी. दारूची मर्यादा १०० मिलि रक्तात ५० मिलिग्रॅम, परवाना पाच वर्षांपेक्षा नवा असेल तर २० आणि रात्री नाकाबंदी असतेच. पिणार असाल तर स्कूटर हॉटेलवर.

खाणं

मिरचीच्या बाबतीत कोल्हापुरी अभिमान जरा बाजूला ठेवा. आपल्या तांबड्या रश्श्याचा तिखटपणा तेलात मुरलेला असतो. त्यांची बारीक कच्ची मिरची थेट घशात चढते. पहिल्या दिवशी ‘फेत नित नॉय’, म्हणजे थोडंसं तिखट, एवढंच सांगा. मासे खायचे तर रावाईचा बाजार. ताजं घ्यायचं आणि समोरच्या हॉटेलात किलोमागे ठरलेल्या दराने शिजवून घ्यायचं. पाटीवरचा भाव किलोचा की १०० ग्रॅमचा हे नक्की विचारा, फसवणूक तिथंच होते. काट्यावर टोपली रिकामी असताना शून्य आहे का बघा.

शाकाहाऱ्यांनी ‘नो मीट’वर विसंबू नये, माशाचं पाणी भाजीतही असतं. ‘किन जे’ म्हणा आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेली खाणावळ शोधा. तिथं अंडं, दूध, लसूणही नसतो. गोमांस नको असेल तर ‘माय साय नुआ’. सोबत खाकरा, चटणी आणि कोरडा चिवडा न्या. रात्री दोनला भूक लागली की पंजाबी हॉटेलची ४०० बाटची डाळ खावी लागणार नाही.

हॉटेलच्या खोलीत तीन पत्ती

पावसाने अडकलं की आपला ग्रुप पत्ते काढणार. थायलंडमध्ये जुगार बंद आहे आणि १९३५ च्या पत्त्यांच्या कायद्यानुसार १२० पेक्षा जास्त पत्ते विनापरवाना जवळ बाळगणंही गुन्हा. २०१६ मध्ये पटायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ वृद्ध परदेशी लोकांना पोलिसांनी यावरूनच पकडलं होतं. एक कॅट ठेवा, पैसे लावू नका. ई-सिगारेट तर नेऊच नका, ती तिथं बेकायदा आहे. राजघराण्याबद्दल विनोद नकोत. नोटेवर राजाचं चित्र असतं, म्हणून उडालेली नोट पायाने दाबू नका.

परत येताना

तिथं गांजाची दुकानं दिसतात, पण जून २०२५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला तिथंही बंदी आहे. मुंबईत तर तोच गांजा अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तुरुंगात घालतो. थायलंडहून येणाऱ्या विमानांची बॅगतपासणी कडक असते. कुणी ओळखीचा झाला म्हणून त्याचं पार्सल किंवा चॉकलेटचा डबा आपल्या बॅगेत घेऊ नका. दारू माणशी दोन लिटर करमुक्त आणता येते. ड्युटी फ्रीची पिशवी मुंबईपर्यंत फोडू नका. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत सापडली तर बॅग उघडायला बोलावतात.

विमान पहाटे उतरत असेल तर सकाळच्या कोयना एक्सप्रेसचं आरक्षण करण्याचा मोह होतो. विमानाला दोन तास उशीर झाला की ती गेली. रात्रीच्या महालक्ष्मीचं काढा, बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. तिथं बॅगेला कुलूप लागतं, ते आठवणीने सोबत ठेवा.